खिडकीपाशी कोण बसणार?

मागच्या अंकात माझा एक फोटो छापून आला. काठमांडूहून सुटणाऱ्या माउंटन फ्लाइटमधून (हिमालय दाखवून परत आणणाऱ्या विमानफेरीतून) काढलेला. पुढे नुप्त्से-ल्होत्से या शेजारच्या शिखरांची भिंत, तिच्यामागून डोकं काढणारं एव्हरेस्ट, प्रत्येक धारेची उजवी बाजू उन्हात आणि डावी निळ्या सावलीत. फोटो एक आणि पत्रं ढीगभर. निम्म्या पत्रांत फक्त "कॅमेरा कोणता?" एवढंच विचारलंय. त्या सगळ्यांना मिळून सांगते : कॅमेरा जुना आहे, त्याच्या मुठीचं रबर सुटलंय आणि त्या फोटोत त्याचा वाटा अगदी थोडा आहे. ऊन कुठून येत होतं, याचा वाटा मोठा. उरलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देते.

प्रश्न : नोव्हेंबरमध्ये आईला (वय ७५) घेऊन काठमांडूला जाते आहे. माउंटन फ्लाइटला डावीकडची सीट घ्यावी की उजवीकडची? माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. त्यात काही येईल का? — एक वाचक, डोंबिवली

आधी सीटचं. हे विमान हिमालयाच्या दक्षिणेकडून पूर्वेला जातं आणि वळून त्याच वाटेने परत येतं. म्हणजे जाताना डोंगर डावीकडे, येताना उजवीकडे. दोन्ही बाजूंना सगळं दिसतं, त्यामुळे तिकीट खिडकीवर भांडू नका. या फेऱ्यांत बहुतेक प्रत्येकाला खिडकी देतात. तुम्ही दोघी शेजारी बसायचा हट्ट मात्र सोडा. एकीच्या मागे एक बसा, म्हणजे दोघींना आपापली खिडकी मिळेल आणि "अगं, जरा मागे सरक" हे ऐकावं लागणार नाही.

सीटपेक्षा वेळ महत्त्वाची. सकाळची पहिली फेरी घ्या. नोव्हेंबरात सूर्य आग्नेयेला उगवतो आणि आपण बघतो उत्तरेकडे. त्यामुळे पहाटेचं ऊन डोंगरांवर उजवीकडून, तिरपं पडतं. प्रत्येक धारेची, प्रत्येक घळीची सावली पडते आणि डोंगराला अंग येतं. तेच दहा-साडेदहाला सूर्य तुमच्या पाठीशी आलेला असतो. ऊन समोरून सपाट पडतं, सावल्या डोंगराच्या पोटात जातात आणि आठ हजार मीटरचं शिखर चुना फासल्यासारखं दिसतं. बर्फाला स्वतःचा आकार दाखवता येत नाही, तो सावलीच दाखवते. आज मी जे जे सांगणार आहे, ते फिरून फिरून इथेच येईल.

या फेऱ्यांवर बऱ्याचदा एटीआर जातीचं विमान असतं. त्याचे पंख वर, छताशी असतात, त्यामुळे खाली बघायला अडथळा नाही. पण इंजिनाच्या रेषेतली सीट टाळा. तिथे पंख्याची पाती फोटोत वाकडीतिकडी येतात, आणि इंजिनाच्या मागून जी गरम हवा निघते तिच्यातून बघितलं तर डोंगर उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखा हलतो. पुढच्या रांगा मिळाल्या तर उत्तम.

मोबाइल चालेल. फ्लॅश बंद. काचेच्या जवळ न्या, पण टेकवू नका, कारण विमानाचा सगळा थरथराट हातात येतो. बोटांनी झूम ताणू नका. मोबाइलला दुसरं, लांबचं भिंग असेल तर ते वापरा. आणि गडद रंगाचे कपडे घाला. मी पिशवीत एक काळी सुती ओढणी ठेवते. ती डोक्यावरून खिडकीवर धरली की आतल्या दिव्यांचं आणि शेजारणीच्या पिवळ्या स्वेटरचं प्रतिबिंब काचेत येत नाही. लोक बघतात, बघू देत.

विमानाच्या आत हवेचा दाब राखलेला असतो, म्हणून एव्हरेस्टजवळ जाऊन दम लागेल ही भीती नको. हृदयाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून निघा, तेवढंच. काठमांडूत हिवाळ्याच्या सकाळी धुकं असतं आणि विमानं तासन्‌तास खोळंबतात. त्याच दिवशी परतीचं तिकीट काढू नका.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. गेल्या वर्षी गुवाहाटीला जाताना विमानातून कांचनगंगा दिसली. डोळ्यांना पांढरीशुभ्र, फोटोत मात्र मळकी, राखाडी. सावल्या निळ्या. कॅमेरा खराब आहे का? — मिरज

सर, कॅमेरा शाबूत आहे. तो अक्कल न वापरता नियम पाळतो, एवढाच त्याचा दोष. त्यातला प्रकाशमापक असं धरून चालतो की समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे. रस्ता, माणसं, झाडं यांच्या बाबतीत ते बहुधा जमून जातं. समोर नुसता उन्हातला बर्फ आला की तो म्हणतो, "प्रकाश फार झाला", आणि सगळं दाबून राखाडीवर आणतो. म्हणून चौकटभर बर्फ असेल तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा प्रकाश, एक ते दीड स्टॉप वाढवायचं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). मोबाइलवर बर्फावर बोट टेकलं की सूर्याचं चिन्ह येतं, ते थोडं वर सरकवायचं. उलट परिस्थितीही येते. खाली काळोखी दरी बरीच आणि वर उन्हातलं टोक चिमूटभर, असं असेल तर कॅमेरा दरीकडे बघून प्रकाश वाढवतो आणि टोक जळून जातं. तिथे कमी करायचं. जळालेल्या बर्फातून नंतर काहीच काढता येत नाही. किंचित गडद राहिलेला उजळता येतो.

निळ्या सावल्यांबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार. सावलीतल्या बर्फावर थेट ऊन पडत नाही, त्याच्यावर प्रकाश पडतो तो आकाशाचा, आणि एवढ्या उंचीवरचं आकाश गडद निळं असतं. म्हणजे ती सावली खरोखरच निळी आहे. आपला मेंदू "बर्फ पांढरा" असं घोकत बसतो म्हणून आपल्याला ती जागेवर दिसत नाही. हल्ली लोक संगणकावर ती निळाई पुसून सगळं साबणाच्या जाहिरातीसारखं करतात. मला ते बघवत नाही. दूरच्या डोंगरावर हवेमुळे जो निळसर पडदा येतो तो थोडा कमी करायला हरकत नाही. सावलीचा रंग ठेवा.

प्रश्न : महागडा पोलरायझर फिल्टर लावून विमानातून फोटो काढले. सगळ्या फोटोंत इंद्रधनुष्याचे पट्टे. का? — पिंपरी

प्रवासी विमानाच्या खिडक्या ॲक्रिलिकच्या, म्हणजे प्लास्टिकच्या असतात. त्या प्लास्टिकमधले ताण पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा हा फिल्टर, रंगीत पट्ट्यांच्या रूपात दाखवतो. फिल्टर काढून पिशवीत ठेवा. किनाऱ्यावर उपयोगी पडेल.

प्रश्न : दिल्ली-लेह विमानात फोटो काढायला बंदी आहे का? उतरताना खिडकीची झडप लावायला सांगितली. आणि कुठल्या बाजूला बसावं? — ठाणे

प्रवाशाने विमानातून फोटो काढण्यावर सरसकट बंदी नाही. २०२० मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ते स्पष्ट केलं होतं : सुरक्षिततेला बाधा येत नसेल तर प्रवाशाला उड्डाणात छायाचित्रण करता येतं. संरक्षण दलांच्या विमानतळांची गोष्ट वेगळी. लेह त्यातलाच, आणि आपलं पुण्याचं लोहगावही हवाई दलाचंच. तिथे जमिनीवर असताना कॅमेरा आतच ठेवायचा. मे २०२५ मध्ये पश्चिम सीमेजवळच्या अशा विमानतळांसाठी आणखी एक आदेश निघाला होता : चढताना आणि उतरताना दहा हजार फुटांच्या खाली खिडक्यांच्या झडपा बंद. आता लेहची धावपट्टीच दहा हजार सहाशे फुटांवर आहे, पण हा हिशेब हवाईसुंदरीला समजावत बसू नका. नियम मधूनमधून बदलतात. विमानात त्या दिवशी जे सांगतील ते करा.

बाजू : जाताना डावी. विमान उत्तरेला जात असतं, सकाळचा सूर्य उजवीकडे असतो, म्हणजे डाव्या खिडकीत चकाकी येत नाही. लेहच्या आधी पश्चिमेला नुन-कुनची जोडी दिसते. नुन ७१३५ मीटर, कुन ७०७७, आणि दोघांमध्ये बर्फाचं मोठं पठार. ही जोडी इतकी सुंदर आहे की मी बॅग लॉफ्टमध्ये टाकायच्या आधी कॅमेरा गळ्यात घालते.

प्रश्न : आमचे आजोबा सांगायचे की एव्हरेस्टवरून गेलेलं पहिलं विमान बिहारमधून उडालं होतं. घरात कुणाचाच विश्वास बसत नाही. — सोलापूर

आजोबा बरोबर होते. घरच्यांना हे पान वाचायला द्या.

३ एप्रिल १९३३. बिहारमधल्या पूर्णियाजवळ लालबालू नावाच्या मैदानावरून वेस्टलँड कंपनीची दोन दुपंखी विमानं उडाली. पैसे दिले होते लेडी ह्यूस्टन या धनाढ्य ब्रिटिश बाईंनी. एक विमान चालवत होते क्लाइड्सडेल (यांनाच भेटायचं म्हणून १९४१ मध्ये हिटलरचा उजवा हात रुडॉल्फ हेस एकटा विमान घेऊन स्कॉटलंडात उतरला, पण ती गोष्ट वेगळी), आणि त्यांच्या मागे कॅमेरे घेऊन ब्लॅकर. दुसऱ्यात वैमानिक मॅकिन्टायर आणि सिनेमाचा कॅमेरा घेतलेले बॉनेट. आजच्यासारखा आतला दाब राखण्याची सोय त्या विमानांत नव्हती. विजेवर गरम होणारे कपडे आणि नळीतून प्राणवायू, एवढ्यावर ही माणसं नऊ हजार मीटरच्या आसपास गेली. फोटो काढायचा तर ब्लॅकरना छपराची दारं उघडून त्या वाऱ्यात अर्धं अंग बाहेर काढावं लागे.

वर काय काय झालं ते ऐका. शिखराजवळ खाली दाबणाऱ्या वाऱ्याने विमानांना जोरात खाली ओढलं. दुसऱ्या विमानात बॉनेट यांची प्राणवायूची नळी फुटली. त्यांनी फुटल्या जागी रुमाल बांधला, थोडा वेळ काम केलं आणि बेशुद्ध पडले. विमान खाली आल्यावर शुद्धीवर आले. चौघेही सुखरूप परतले.

सगळं करून नकाशासाठी लागणारे फोटो मात्र मिळाले नाहीत. मैदानावरची धूळ कितीतरी हजार फूट वर चढली होती. त्या धुरकट थरामुळे खालची जमीन धड आलीच नाही, आणि नकाशा करणाऱ्याला शिखर जेवढं लागतं तेवढीच पायथ्याची ओळखीची जमीनही लागते. वरिष्ठांनी "आता पुरे" म्हटलेलं असताना मंडळींनी १९ एप्रिलला पुन्हा विमानं काढली आणि या वेळी चांगले फोटो घेऊन आली. मला पहिल्या उड्डाणापेक्षा हे दुसरं जास्त आवडतं. पहिल्या वेळी पराक्रम झाला, दुसऱ्या वेळी काम झालं.

हिमशिखरांचे हवाई फोटो मात्र त्याही आधीपासून आहेत. स्वित्झर्लंडचे स्पेल्टेरिनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वायूच्या फुग्यात बसून, काचेच्या जड प्लेटा घेऊन आल्प्सवरून जात. फुग्याला थरथराट नसतो. त्या बाबतीत ते आपल्यापेक्षा नशीबवान.

प्रश्न : मी गिर्यारोहण करतो. विमानातून काढलेले शिखरांचे फोटो दिवाणखान्यात लावण्यापलीकडे कशाला उपयोगी पडतात, असं प्रामाणिकपणे वाटतं. — कोल्हापूर

प्रामाणिकपणा आवडला. आता ऐका.

अमेरिकेचे ब्रॅडफर्ड वॉशबर्न स्वतः गिर्यारोहक. १९३६ पासून त्यांनी अलास्कातल्या डेनालीचे (याचंच दुसरं नाव मॅकिन्ली, ६१९० मीटर) हवेतून फोटो काढले. विमानाचं दार काढून टाकायचं, स्वतःला दोरीने बांधून घ्यायचं आणि वीस-पंचवीस किलोचा कॅमेरा उघड्या दारातून रोखायचा. ते सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन गाठत, कारण त्यांना डोंगर वाचायचा होता : कुठे हिमभेगा आहेत, कुठे चढ सैल आहे, कुठली धार माथ्यापर्यंत सलग जाते. त्या फोटोंतूनच त्यांना डेनालीच्या पश्चिमेकडची एक धार चढण्याजोगी वाटली. १९५१ मध्ये ते स्वतः त्या वाटेने चढून गेले. आज डेनालीवर जाणारे बहुतेक गिर्यारोहक तिथूनच जातात. माथ्यावर जाणारी वाट आधी फोटोत सापडली, पाय नंतर पडले.

त्याच वर्षी लंडनमध्ये मायकेल वॉर्ड नावाचे एक तरुण डॉक्टर रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या संग्रहात बसून एव्हरेस्टचे जुने हवाई फोटो धुंडाळत होते. १९३३ च्या उड्डाणाचे आणि नंतर ब्रिटिश हवाई दलाच्या विमानांनी गुपचूप काढलेले. नेपाळच्या बाजूने वाट असू शकते, असं त्यांना त्यांत दिसलं. त्यातून १९५१ ची पाहणी मोहीम निघाली, आणि पुढे १९५३ मध्ये काय झालं ते तुम्हाला सांगायला नको.

अलीकडचं हवं असेल तर २०१८ चा जुलै. पाकिस्तानातल्या ब्रॉड पीकवर (८०५१ मीटर) रिक ॲलन हे स्कॉटिश गिर्यारोहक बेपत्ता झाले. बार्तेक बार्गियेल हा पोलिश तरुण भावाच्या के-टू शिखरावरच्या मोहिमेचं चित्रण करायला तिथे आला होता. त्याने आपला छोटा ड्रोन वर पाठवला, ॲलन कड्यावर जिवंत सापडले आणि ते नेमके कुठे आहेत हे कळल्यामुळे त्यांना खाली आणता आलं.

नकाशाचं तंत्रही थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला घरी करून बघता येईल. पुढे सरकणाऱ्या विमानातून एकाच भागाचे, एकमेकांवर बरेचसे चढणारे दोन फोटो घेतले की डाव्या-उजव्या डोळ्यांसारखी दोन दृश्यं मिळतात आणि त्यांतून खोली मोजता येते. १९८४ मध्ये वॉशबर्न यांच्या पुढाकाराने एका जेट विमानातून, सुमारे बारा किलोमीटर उंचीवरून एव्हरेस्ट परिसराचे असे फोटो घेतले गेले. त्यांवरून केलेला १:५०,००० प्रमाणाचा नकाशा १९८८ मध्ये छापला. तुम्ही काय करायचं : पुढच्या विमानप्रवासात शिखर दूर, वीसेक किलोमीटरवर असेल तेव्हा एक फोटो काढा, तीन-चार सेकंद थांबा, कॅमेरा न फिरवता दुसरा काढा. घरी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून डोळे थोडे तिरळे करून बघा. डोंगर कागदातून बाहेर येतो. चढाईला निघायच्या आधी असं बघितलेलं कधीही चांगलं.

प्रश्न : आम्ही जूनमध्ये अलास्काला जाणार आहोत. डेनालीवरून छोट्या विमानाने फिरवतात. काही सूचना? — न्यू जर्सी

वॉशबर्न यांच्याबद्दल वरती वाचाच. तालकीट्नाहून ही विमानं सुटतात आणि काही स्की लावून हिमनदीवर उतरतात. जूनमध्ये तिथे सूर्य जवळजवळ मध्यरात्रीपर्यंत मावळत नाही आणि संध्याकाळभर खाली खाली रेंगाळतो. असं लांबलचक तिरपं ऊन हिमालयात मिळत नाही. म्हणून दुपारची नको, संध्याकाळची शेवटची फेरी मागा. काही छोट्या विमानांच्या खिडकीला उघडणारी लहानशी झडप असते. बसण्याआधी वैमानिकाला विचारा. विचारायला लाजलात तर दोन तास ओरखडे पडलेल्या प्लास्टिकमधून बघावं लागेल. शटरचा वेग एक हजारांश सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. हिमनदीवर उतरल्यावर काळा चष्मा घाला.

प्रश्न : ताई, मी इंजिनीअरिंगला आहे. पॉकेटमनी साठवून ड्रोन घेणार आणि लडाखला नेणार. बर्फाच्या शिखरांचा वरून शॉट हवाय. — नाशिक

ड्रोन घ्यायच्या आधी तीन गोष्टी ऐक.

कायदा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला बऱ्याच सवलती आहेत, पण कुठेही उडवायची सवलत कुणालाच नाही. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर हिरवे, पिवळे, लाल भाग दाखवलेत. हिरव्यात १२० मीटरपर्यंत उडवता येतं, लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. लडाख म्हणजे सीमा आणि लष्कर. निघायच्या आधी गावागणिक नकाशा बघ आणि तिथल्या प्रशासनाला विचार. परदेशातल्या काकांकडून ड्रोन मागवायचा बेत असेल तर २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, हेही लक्षात ठेव. नेपाळला जायचं म्हणशील तर तिथे परवानग्यांची वेगळी माळ आहे.

हवा. पाच हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांएवढीच दाट असते. पात्यांना तेवढंच वजन तोलायला जास्त वेगाने फिरावं लागतं, बॅटरी भराभर उतरते, थंडीने आणखी उतरते. कंपनीने डब्यावर लिहिलेली मिनिटं नाशिकची समज. बॅटऱ्या अंगावरच्या आतल्या खिशात ठेव, विमानात हातातल्या बॅगेतच ने, आणि वारा समोरून असताना ड्रोन आधी तिकडे पाठव, म्हणजे परत येताना वारा मदत करतो.

आणि तिसरी, जी दुकानदार सांगत नाही. सहा हजार मीटरच्या शिखराखाली उभं राहून १२० मीटर वर गेलास तर शिखर "वरून" दिसत नाही. ते अजून हजारभर मीटर तुझ्या डोक्यावरच असतं. ड्रोनची ती १२० मीटर उंची समोरच्या टेकडीवर तासभर चालूनही मिळते. तिथून पहाटे काढलेला फोटो ड्रोनच्या शॉटपेक्षा सरस येतो, कारण भिंग मोठं असतं आणि घाई नसते. शिखर खूप वरून बघितलं तर ते चपटंच होतं. शिखराच्या साधारण बरोबरीच्या उंचीवरून त्याचा रुबाब दिसतो. पैसे ठेव, एक बरं लांब भिंग घे.

प्रश्न : तुमचा तो एव्हरेस्टचा फोटो मोठा करून घरी लावायचाय. देता का? — चिपळूण

देते. संपादकांकडे फाइल ठेवली आहे, पैसे नकोत. छापताना दोन गोष्टी सांभाळा. चकचकीत कागद नको, मॅट घ्या, कारण चकचकीत कागदावर बर्फाऐवजी तुमची ट्यूबलाइट दिसेल. आणि छापणाऱ्याला सांगा की आधी पोस्टकार्डाएवढा नमुना काढून दाखव. त्याला सवयीने फोटो "उठावदार" करायचा असतो. नमुन्यात नुप्त्सेच्या भिंतीवरच्या बारीक घड्या दिसत नसतील तर त्याने काहीतरी वाढवलंय. तसाच परत करा आणि फाइल जशी आहे तशी छापायला सांगा.